जुन्या खात्यांना पासवर्डची मुदत लावली की क्रॉन आणि बॅकअप बंद पडतात. योग्य क्रम कोणता?

शेलगाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

उबुंटू २२.०४ आणि रॉकी लिनक्स ९ मिळून चाळीसेक सर्व्हर आहेत. ऑडिटमध्ये दोन मुद्दे आलेत. एक, प्रत्येक युजरचा पासवर्ड ९० दिवसांत बदलला गेला पाहिजे. दुसरा, ॲडमिनने पासवर्ड रीसेट करून दिला तर युजरला पहिल्याच लॉगिनला तो बदलावा लागला पाहिजे.

/ईटीसी/लॉगिन.डेफ्स मध्ये पास_मॅक्स_डेज (पासवर्डचे कमाल दिवस) ९९९९९ होतं, ते ९० केलं. त्यानंतर बनवलेल्या खात्यांना ते लागू झालं, पण जुन्या खात्यांना चेज --लिस्ट (चेज म्हणजे मुदत बघायची-बदलायची आज्ञा) अजून ९९९९९ च दाखवतं. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर लूप फिरवून सगळ्या खात्यांना ९० लावून पाहिले. पासवर्डने येणाऱ्यांना लगेच नवा पासवर्ड मागितला गेला, ते समजलं. पुढच्या तीन गोष्टी मात्र कळत नाहीत:

बॅकअपचा युजर फक्त एसएसएच-कीने (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल) येतो, त्याला पासवर्डच नाही. तरी त्याचा आरसिंक (फाइली कॉपी करणारं साधन) ‘पासवर्डची मुदत संपली, बदलणं आवश्यक आहे पण टीटीवाय (टर्मिनल) उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतो.

रूटचे (मुख्य ॲडमिन खात्याचे) क्रॉन जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं, चालत नाहीत, आणि मेलही येत नाही.

आणखी एका खात्याचा रात्री २ चा जॉब व्यवस्थित चालला आणि त्याच तारखेला सकाळी ६ चा चालला नाही.

प्रॉडक्शनवर हात घालण्याआधी हे नीट समजून घ्यायचंय. कुठल्या खात्यांना मुदत लावायची, कुठल्यांना नाही, आणि कुठल्या क्रमाने?

---

कर्नलकट्टा

तिन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे. आधी एक सूचना: आज्ञा उच्चाराप्रमाणे आणि लांब पर्यायांसह लिहितोय. चेजमध्ये लहान एम म्हणजे किमान दिवस आणि मोठा एम म्हणजे कमाल दिवस, आणि घाईत त्यांची अदलाबदल हमखास होते. स्क्रिप्टमध्येसुद्धा --मिनडेज, --मॅक्सडेज असेच लिहा. टर्मिनलवर अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं आणि रोमन आकडे.

लॉगिन.डेफ्समधले आकडे फक्त युजरॲड वाचतं, तेही खातं बनवतानाच. पुढे मुदत तपासताना ती फाइल कोणी उघडत नाही. खरी माहिती /ईटीसी/शॅडो मध्ये प्रत्येक खात्याच्या ओळीत असते. तुमच्या बॅकअप युजरची ओळ समजा अशी आहे:

बॅकअप:!:२००८९:०:९०:७:३०::

नावानंतर पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं उलट न फिरवता येणारं रूप (इथे ! म्हणजे कुठलाच पासवर्ड जुळणार नाही). मग शेवटच्या बदलाचा दिवस, १ जानेवारी १९७० पासून मोजलेला. २००८९ म्हणजे १ जानेवारी २०२५. पुढे किमान ० दिवस, कमाल ९० दिवस, इशारा ७ दिवस आधी, मुदत संपल्यावर सवलत ३० दिवस, त्यानंतर खात्याची स्वतःची अंतिम तारीख (रिकामी), आणि शेवटचा रकाना राखीव. तेव्हा या खात्याच्या पासवर्डची मुदत १ एप्रिल २०२५ ला संपते, इशारा २५ मार्चपासून दिसतो, आणि सवलत १ मे २०२५ पर्यंत. सवलतीच्या काळात युजर स्वतः पासवर्ड बदलून आत येऊ शकतो. सवलत संपली की त्याच्या हातात काही उरत नाही, ॲडमिनलाच सोडवावं लागतं.

आता बघा, हॅशच्या जागी ! आहे म्हणून मुदतीचे आकडे निष्प्रभ होत नाहीत. पॅममध्ये (लॉगिनची तपासणी करणारी व्यवस्था) ओळख पटवणं हा एक टप्पा असतो आणि ‘हे खातं आत्ता वापरता येईल का’ हे पाहणं हा दुसरा. पासवर्डची मुदत दुसऱ्या टप्प्यात तपासली जाते. एसएसएच-कीने आलेला युजर पहिला टप्पा पॅमला न विचारताच पार करतो, पण एसएसएचडीच्या (एसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये यूजपॅम यस असेल तर दुसरा टप्पा त्यालाही चुकत नाही. तिथे पॅम_युनिक्स हे पॅमचं मॉड्यूल शॅडोची ओळ वाचतं आणि ‘नवा पासवर्ड हवा’ असं उत्तर देतं. समोर माणूस असला तर पासवर्ड बदलायचा प्रॉम्प्ट येतो. आरसिंकला टीटीवाय नसतो, त्यामुळे जोडणी तिथेच तुटते.

क्रॉनचंही हेच. जॉब सुरू करण्याआधी क्रॉन तोच खात्याचा टप्पा तपासतो. होकार आला नाही तर जॉब सुरूच होत नाही. सुरूच झाला नाही म्हणजे त्याचं आउटपुट नाही, आणि आउटपुट नाही म्हणजे मेल नाही. नोंद फक्त लॉगमध्ये सापडेल: उबुंटूवर जर्नलसीटीएल -यू क्रॉन, रॉकीवर जर्नलसीटीएल -यू क्रॉनडी. ‘ऑथेंटिकेशन टोकन इज नो लाँगर व्हॅलिड’ असे शब्द शोधा. ‘बॅकअप फेल झाला तर मेल येईलच’ या भरवशावर असलेली देखरेख इथे उघडी पडते. बॅकअप यशस्वी झाल्याची खूण ठरलेल्या वेळेत आली नाही तर अलार्म वाजला पाहिजे.

रात्री २ आणि सकाळी ६ चं कोडं: दिवसाची मोजणी यूटीसीने होते. १९७० पासूनचे सेकंद भागिले ८६४००, एवढंच. सर्व्हरचा टाइमझोन भारतीय असला तरी शॅडोचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, पहाटे साडेपाचला बदलतो. रात्री २ वाजता या हिशोबाने आदलाच दिवस चालू होता, ६ वाजता नवा लागला. मुदत लावण्याचा बदल रात्री करून ‘सगळं चालतंय’ म्हणून झोपायला जाऊ नका.

---

पॅमपुराणिक

कारण वर आलं आहे, मी क्रम सांगतो. सगळ्या खात्यांवर एकच लूप हेच मुळात चुकीचं हत्यार आहे. आधी खाती वेगळी काढा. /ईटीसी/पासवर्ड च्या तिसऱ्या रकान्यात १००० ते ६०००० मधले यूआयडी (खात्याचे क्रमांक) घेतले की सिस्टिमची खाती आणि नोबडी (६५५३४) बाजूला पडतात. पण त्या यादीत माणसं आणि यंत्रं मिसळलेलीच असतात, कारण बॅकअप, डिप्लॉय, मॉनिटरिंग अशी खाती लोक साध्या युजरॲडने बनवतात आणि त्यांना लॉगिन.डेफ्सची मुदत आपोआप चिकटते. तुमच्याकडे लॉगिन.डेफ्स बदलल्यानंतर अशी खाती बनली असतील तर ती ९० दिवसांनी एकेक करून बंद पडतील, ती आजच शोधून ठेवा. यापुढे यंत्रांची खाती युजरॲड --सिस्टिम ने बनवा, त्यांना मुदतीचे आकडे लागतच नाहीत.

यंत्रांच्या जुन्या खात्यांना:

चेज --मिनडेज ० --मॅक्सडेज -१ --इनॲक्टिव्ह -१ --एक्स्पायरडेट -१ बॅकअप

उणे एक म्हणजे तो रकाना रिकामा, तपासणी बंद. सोबत पासवर्ड लॉक असल्याची खात्री करा: पासवर्ड -एस (कॅपिटल) या आज्ञेच्या उत्तरात उबुंटूवर एल, रॉकीवर एलके दिसेल. ऑडिटरला हेच सांगायचं, की या खात्याला वापरण्याजोगा पासवर्ड अस्तित्वात नाही, म्हणून त्याची मुदतही नाही. त्याऐवजी एसएसएच-की कधी बदलतो, ती कुठल्या आयपीवरून चालते आणि ऑथराइज्ड_कीज मध्ये तिला कुठली कमांड बांधली आहे, हे दाखवा. तो पुरावा ९० दिवसांच्या आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम असतो.

रूट: उबुंटूवर रूटचा पासवर्ड मुळात लॉक असतो आणि शेवटच्या बदलाची तारीख बहुधा इमेज तयार झाली तेव्हाची असते. त्यावर ९० लावले की त्याच क्षणी मुदत संपते. तुमच्या चाचणीत हेच झालेलं दिसतंय. रूटला --मॅक्सडेज -१ ठेवा आणि पासवर्ड असेलच तर तो पासवर्डच्या तिजोरीतून (व्हॉल्ट) वेळापत्रकाने हाताने बदला. रूटलाही मुदत हवीच असा आग्रह झाला, तर आधी रूटचे महत्त्वाचे क्रॉन जॉब सिस्टिमडी टायमरवर (क्रॉनचा पर्याय) न्या. सिस्टिमडीची साधी सर्व्हिस पॅमनेम दिल्याशिवाय पॅमकडे जात नाही, त्यामुळे पासवर्डच्या मुदतीशी तिचा संबंध येत नाही.

फक्त कीने येणारी माणसं: यांची अडचण वेगळीच. मुदत संपल्यावर प्रॉम्प्ट आधी चालू पासवर्ड विचारतो, आणि तो त्यांना कधी दिलेलाच नसतो. म्हणजे की बरोबर असूनही माणूस दारातच अडकतो. पॅम_युनिक्सच्या खात्याच्या टप्प्याच्या ओळीत नो_पास_एक्स्पायरी हा पर्याय देता येतो. ओळख पासवर्डऐवजी कीने पटली असेल तर मुदतीकडे दुर्लक्ष होतं. रॉकीवर सिस्टिम-ऑथ किंवा पासवर्ड-ऑथ फाइल थेट एडिट करू नका, ऑथसिलेक्ट (या फाइली बनवणारं साधन) पुढच्या वेळी ती पुसून टाकेल. स्वतःचं प्रोफाइल बनवून त्यात बदल करा. माझं मत विचाराल तर पॅमला हात लावण्यापेक्षा या लोकांचे पासवर्ड लॉक करून मॅक्सडेज -१ करणं जास्त सरळ. पण सुडोसाठी (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवायला) पासवर्ड टाकतात ते लोक या गटात येत नाहीत, त्यांना मुदत लागू झाली पाहिजे. आणि हो, सुडोला नोपासवर्ड दिलं असलं तरी सुडो खात्याचा टप्पा तपासतोच. अँसिबलचं (अनेक सर्व्हर एकदम सेट करणारं साधन) बिकम, म्हणजे रूट होण्याची पायरी, तिथे अडकतं.

एसएफटीपीपुरती (फक्त फाइली पाठवण्याची) खाती विसरू नका. शेल नाही, बाहेरच्या पार्टीने पासवर्ड एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवलाय, आणि इशाऱ्याचा मजकूर कोणी वाचत नाही. एसएसएचडीमध्ये कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह पद्धत चालू असेल तर काही क्लायंट नवा पासवर्ड विचारू शकतात. नुसत्या पासवर्ड पद्धतीत मात्र टीटीवाय नसल्याने हस्तांतरण तुटतं. ही खाती कीवर न्या, किंवा त्यांचा पासवर्ड ठरलेल्या तारखेला फोन करून दोन्हीकडे एकदम बदला.

उरली पासवर्डने येणारी माणसं. इथे एकदम ९० लावले तर ज्यांनी ९० दिवसांत पासवर्ड बदललेला नाही ते सगळे एकाच सकाळी अडकतील. बरेच जण चेज --लास्टडे ने शेवटच्या बदलाची तारीख आजची करून टाकतात. ते करू नका. ती खोटी नोंद आहे, आणि नेमकी तीच नोंद ऑडिटर बघतो. त्यापेक्षा प्रत्येकाची कमाल मर्यादा वेगळी काढा:

कमाल दिवस = (आजचा दिवस − शेवटच्या बदलाचा दिवस) + १४

उदाहरणार्थ १ जानेवारी २०२६ म्हणजे दिवस २०४५४. वरच्यासारखा शेवटचा बदल २००८९ ला असेल तर फरक ३६५. कमाल ३७९ ठेवली की मुदत बरोबर १५ जानेवारी २०२६ ला संपते. --वॉर्नडेज १४ ठेवा म्हणजे इशारा आजपासूनच दिसेल. सगळ्यांना १४ देऊ नका. दहा-दहा जणांचे गट करून १४, १६, १८ असे वाढवत जा, आणि सोमवार किंवा मोठ्या सुट्टीनंतरचा दिवस येत असेल तर एक दिवस पुढे सरकवा. मग रोज चालणारी छोटी स्क्रिप्ट: ज्यांच्या शेवटच्या बदलाची तारीख मोहीम सुरू झाल्यानंतरची आहे त्यांचे मॅक्सडेज ९० करा. महिनाभरात सगळे ९० वर येतात आणि शॅडोतली एकही तारीख बनावट नसते.

इशारा फक्त लॉगिन करणाऱ्यालाच दिसतो, त्यामुळे १४, ७ आणि १ दिवस आधी मेल पाठवणारी स्क्रिप्ट लावा. त्या मेलमध्ये लिंक देऊ नका. ‘पासवर्ड संपतोय, इथे क्लिक करा’ या मेलवर विश्वास ठेवायची सवय आपणच लावली तर फिशिंगवाल्यांचं काम सोपं होतं. सर्व्हरवर जाऊन पासवर्ड ही आज्ञा द्या, एवढंच सांगा.

---

शेलगाठ

पहाटे साडेपाचचा मुद्दा तपासला, त्या खात्याची तारीख बरोबर त्याच दिवशीची निघाली. गट पाडायला घेतलेत.

आता दुसरा मुद्दा, रीसेटनंतर सक्तीने बदल. चेज --लास्टडे ० आणि पासवर्ड --एक्स्पायर यात फरक काय? ऑडिटमध्ये किमान १ दिवसाची अटही आहे. ती आणि सक्तीचा बदल एकमेकांना आडवे येतात का? खाती अँसिबलने बनवतो. शिवाय दोन फ्रीबीएसडी, एक जुना एआयएक्स, आणि काही युजर फ्रीआयपीएमध्ये (खाती एका ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) आहेत.

---

तळकोकण_टर्मिनल

दोन्हींचा परिणाम एकच, शॅडोचा तिसरा रकाना ० होतो. ० म्हणजे ‘पुढच्या लॉगिनला बदल’. हा रकाना रिकामा असेल तर मात्र अर्थ एकदम उलटा: मुदतीची तपासणीच बंद. स्क्रिप्टने शॅडो फाइल हाताने लिहिताना शून्य आणि रिकामं यातली गफलत झाली की सक्ती गायब होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हाताने लिहूच नका, चेज वापरा.

क्रम महत्त्वाचा: आधी पासवर्ड रीसेट, मग --लास्टडे ०. उलटं केलं तर रीसेटच्या वेळी तिसऱ्या रकान्यात आजचा दिवस लिहिला जातो आणि सक्ती पुसली जाते. सीएचपासवर्डने शंभर खात्यांचे पासवर्ड एकदम भरतानाही हेच.

किमान दिवसाची अट आडवी येते ती नेमकी इथे. ॲडमिनने रीसेट केलं, --लास्टडे ० विसरला, किमान १ दिवस आहे. युजर लगेच स्वतःचा पासवर्ड ठेवायला गेला तर ‘अजून थांबावं लागेल’ असं उत्तर मिळतं, आणि ॲडमिनला माहीत असलेला पासवर्ड दिवसभर तसाच राहतो. तिसरा रकाना ० असेल तर पॅम_युनिक्स किमान दिवसांपर्यंत पोचतच नाही, सक्तीचा बदल आधी होतो. किमान आकडा कमालपेक्षा मोठा झाला (लहान-मोठ्या एमची अदलाबदल!) तर युजरला पासवर्ड बदलताच येत नाही, हेही ध्यानात ठेवा. किमान दिवसाचा खरा उपयोग एकच: पॅम_पीडब्ल्यूहिस्टरीमध्ये शेवटचे पाच पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितलं असेल तर कोणी पाच मिनिटांत पाचदा बदलून परत जुन्यावर येऊ नये. हिस्टरी लावलेली नसेल तर किमान अट निव्वळ त्रास देते.

अँसिबलमध्ये एक सापळा आहे. युजर मॉड्यूलला हॅश देताना सॉल्ट (हॅशमध्ये मिसळली जाणारी यादृच्छिक अक्षरं) पक्कं केलं नसेल आणि अपडेट_पासवर्ड ऑलवेज असेल (डीफॉल्ट तेच आहे), तर प्रत्येक रनमध्ये हॅश नवा बनतो. युजरमॉड तो लिहितं आणि शेवटच्या बदलाचा दिवस आजचा करतं. प्लेबुक (अँसिबलची कामांची यादी) रोज चालत असेल तर पासवर्डचं वय कधीच एक दिवसापेक्षा जास्त होत नाही, मुदत कधीच संपत नाही, आणि युजरने स्वतः ठेवलेला पासवर्डही रोज पुसला जातो. अपडेट_पासवर्ड ऑन_क्रिएट करा. मुदतीसाठी त्याच मॉड्यूलमध्ये पासवर्ड_एक्स्पायर_मॅक्स आणि पासवर्ड_एक्स्पायर_मिन आहेत. सक्तीच्या बदलासाठी वेगळ्या टास्कमध्ये चेज चालवा, आणि ते टास्क खातं नव्याने बनलं असेल तरच चालू द्या. नाहीतर प्रत्येक रनला लोकांना पुन्हा पासवर्ड बदलावा लागेल.

क्लाउड-इनिटमधून (नवी क्लाउड मशीन पहिल्यांदा सेट करणारं साधन) पासवर्ड देत असाल तर सीएचपासवर्ड विभागातलं एक्स्पायर डीफॉल्टने ट्रू असतं. नवी मशीन उभी राहते आणि पहिलंच स्वयंचलित लॉगिन ‘टीटीवाय नाही’ म्हणून आपटतं, ते यामुळे.

घड्याळाकडे लक्ष द्या. आरटीसी (वीज नसतानाही चालणारं घड्याळ) नसलेल्या रास्पबेरी पायसारख्या बोर्डवर वेळ जुळण्याआधी पासवर्ड ठेवला तर तारीख बरीच जुनी पडू शकते आणि मुदत लगेच संपलेली दिसते. उलट घड्याळ पुढे असताना पासवर्ड बदलला तर तारीख भविष्यातली लिहिली जाते आणि तो दिवस येईपर्यंत पॅम_युनिक्स मुदत लागू करत नाही, फक्त लॉगमध्ये तक्रार करतं. तिसरा रकाना आजच्या दिवसापेक्षा मोठा असलेली खाती आधीच शोधून काढा.

आणि पासवर्डची मुदत वेगळी, खात्याची मुदत वेगळी. कोणी नोकरी सोडली की पासवर्ड -एल चालवून लोक निश्चिंत होतात. त्याने हॅशपुढे फक्त ! लागतं, कीने लॉगिन चालूच राहतं. खातं बंद करायचं तर युजरमॉड --एक्स्पायरडेट १, म्हणजे २ जानेवारी १९७०. शून्य देऊ नका, कारण आठव्या रकान्यातलं शून्य काही ठिकाणी ‘मुदत नाही’ असं वाचलं जातं.

---

डेमनदर्या

फ्रीबीएसडी: शॅडो नाही, /ईटीसी/मास्टर.पासवर्ड आहे. त्यात ‘चेंज’ आणि ‘एक्स्पायर’ असे दोन रकाने, पहिला पासवर्डचा, दुसरा खात्याचा. लिनक्सवरून आलेल्यांनी दोन फरक लक्षात ठेवायचे. इथे दिवस नाहीत, सेकंद आहेत. आणि शेवटच्या बदलाची तारीख इथे नसतेच, थेट मुदत संपण्याची वेळ असते. त्यामुळे वरचं सूत्र इथे लागत नाही, हवी ती तारीख सरळ लिहायची:

पीडब्ल्यू युजरमॉड नाव -पी +१४डी

पी लहान. खात्याच्या मुदतीसाठी लहान -ई. सक्तीचा बदल हवा तर -पी ला मागची तारीख द्या. ० दिलं तर मुदतच काढून टाकली जाते, म्हणजे लिनक्सच्या अगदी उलट. पुढच्या प्रत्येक बदलाला ९० दिवस लागावेत म्हणून /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ मध्ये युजरच्या वर्गात पासवर्डटाइम=९०डी लिहा आणि कॅप_एमकेडीबी /ईटीसी/लॉगिन.कॉन्फ चालवा. हे पाऊल विसरलं की फाइल दिसायला बरोबर असते पण डेटाबेस जुनाच राहतो.

एआयएक्स: /ईटीसी/सिक्युरिटी/युजर मधला मॅक्सएज आठवड्यांत असतो, आणि जास्तीत जास्त ५२. तिथे ९० लिहू नका. १३ आठवडे म्हणजे ९१ दिवस, ९० च्या आत हवं तर १२. सक्तीसाठी पीडब्ल्यूडीॲडएम -एफ एडीएमसीएचजी नाव. सोलारिसवरही /ईटीसी/डीफॉल्ट/पासवर्ड मधलं मॅक्सवीक्स आठवड्यांतच आहे, पण पासवर्ड -एक्स दिवसांत. एकाच मशीनवर दोन एककं.

फ्रीआयपीएच्या युजरवर चेज चालणार नाही, तो युजर /ईटीसी/पासवर्ड मध्ये नाही असं सांगून बाहेर पडेल. तिथे आयपीए पीडब्ल्यूपॉलिसी-मॉड --मॅक्सलाइफ=९० --मिनलाइफ=२४. मॅक्सलाइफ दिवसांत, मिनलाइफ तासांत. ॲडमिनने रीसेट केलेला पासवर्ड तिथे आपोआप मुदत संपलेला धरला जातो, वेगळं काही करावं लागत नाही.

---

पॅमपुराणिक

९० च्या आकड्याबद्दल ऑडिटरशी बोलून घ्या, तो कुठून आला ते विचारा. अमेरिकेच्या निस्टने (राष्ट्रीय मानक संस्था) ८००-६३बी या मार्गदर्शिकेमध्ये जून २०१७ लाच सांगितलं की ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र लावलाच पाहिजे. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत ‘लावू नये’ची भाषा सक्तीची झाली. मायक्रोसॉफ्टने मे २०१९ मध्ये विंडोजच्या सुरक्षा बेसलाइनमधून मुदतीची अट काढली. कारणही ठोस आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये १०,००० हून अधिक बंद खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड हातात असेल तर ऑफलाइन हल्ल्यात ४१ टक्के नवे पासवर्ड प्रत्येकी काही सेकंदांत सापडले, आणि १७ टक्के खात्यांत पाचपेक्षा कमी अंदाजांत. माणूस शेवटचा आकडा वाढवतो किंवा चिन्ह बदलतो, आणि हल्लेखोरालाही ते माहीत असतं.

पण कार्डाची माहिती हाताळणारे सर्व्हर असतील तर पीसीआय डीएसएस (कार्ड व्यवहारांचं सुरक्षा मानक) ४.०.१ चा ८.३.९ बघा: जिथे पासवर्ड हा ओळख पटवण्याचा एकमेव घटक आहे तिथे ९० दिवस. दुसरा घटक लावला की ती अट त्या रूपात लागू होत नाही. रीसेटनंतर पहिल्याच वापराला बदलण्याची सक्ती ८.३.५ मध्ये आहे आणि ती मला पूर्ण पटते, कारण तिथे पासवर्ड दुसऱ्या माणसाला खरोखरच माहीत असतो. सीआयएस या सुरक्षा संस्थेच्या लिनक्स बेंचमार्कमध्ये कमाल ३६५ चालतात. तेव्हा एसएसएचला दुसरा घटक लावून ३६५ वर तडजोड होते का, हे आधी विचारा. दुसरा घटक बसवायला जेवढी मेहनत लागेल तेवढीच दर तिमाहीला पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घेण्यात जाईल.

---

कर्नलकट्टा

चाचणीबद्दल राहिलं होतं. मुदत संपल्यावर काय होतं ते पाहायला सिस्टिमचं घड्याळ पुढे ढकलू नका, सर्टिफिकेटं आणि केर्बेरॉस (वेळ जुळण्यावर अवलंबून असलेली लॉगिन व्यवस्था) आधी मोडतील. चाचणीचा युजर घ्या, चेज --लास्टडे ने शंभर दिवस जुनी तारीख द्या, मॅक्सडेज ९०, आणि त्याच्याकडून पाच गोष्टी करून बघा: पासवर्डने लॉगिन, कीने लॉगिन, एसएफटीपी, दर मिनिटाला चालणारा क्रॉन जॉब, आणि सुडो. मग --इनॲक्टिव्ह ५ लावून तेच पुन्हा. आता सवलतही उलटून गेलेली असेल आणि पासवर्ड बदलायचा प्रॉम्प्टही येणार नाही.

प्रॉडक्शनवर बदल करताना एक रूट शेल वेगळ्या खिडकीत उघडं ठेवा. आधीच चालू असलेल्या शेलला पासवर्डची मुदत लागत नाही, तपासणी नवं लॉगिन किंवा सुडो करतानाच होते. शॅडोची प्रत घ्यायची तर रूटच्याच डिरेक्टरीत, परवानगी ६००, आणि काम झालं की पुसून टाका. त्यात सगळ्यांचे हॅश असतात. आणि सुरुवात बॅकअप सर्व्हरने करू नका, तो सगळ्यात शेवटी घ्या.